मामाजींच्या गाडीखाली आलेली बाई

माझ्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. साकोलीला घराला लागूनच त्यांचं बिछायतीचं दुकान होतं. मंडपाचे बांबू, कनाती, सतरंज्या, स्वयंपाकाची मोठमोठी गंजं, लग्नाकार्याला लागणारं सगळं तिथं भाड्यानं मिळायचं. गावाबाहेर तलावाखाली धानाची शेती होती, आणि घरासमोर एक जुनी पांढरी मोटार उभी असायची. मी लग्न होऊन अड्याळहून साकोलीला आले ती सत्तरच्या दशकाची अखेरची वर्षं. तेव्हा गावात अशा घरच्या मोटारी मोजक्याच होत्या.

पण मामाजींना मोटारीपेक्षा तिच्या विम्याचा अभिमान जास्त. विमा कंपनी सरकारी होती. वर्षभरात गाडीवर कुणाचा काही दावा आला नाही तर पुढच्या हप्त्यात सूट मिळायची, आणि दरवर्षी ती थोडी थोडी वाढत जायची. रकमेच्या दृष्टीनं त्या सुटीत काही दम नव्हता. एका लग्नात बिछायतीची जेवढी गंजं हरवत, तेवढ्यात तसल्या दोन सुटी बसल्या असत्या. मामाजींना मात्र ती चारित्र्याचा दाखला वाटायची. पाहुणे आले की चहा येईपर्यंत ते बोलणं त्या वाटेला वळवून आणायचेच.

"सरकार कोनाले फुकट काही देत नाही," ते म्हणायचे. "मले देऊन राहिलं. काहून? तं मी आजवर कोंबडीलेही धक्का लावला नाही."

आणि ते खरं होतं. मामाजी ज्या वेगानं गाडी चालवायचे त्या वेगाला कोंबडी रस्त्यावर दाणे टिपून, इकडंतिकडं बघून, मग सावकाश बाजूला होऊ शकायची. मागून येणारे सायकलवाले आम्हाला रामराम करून पुढं निघून जायचे. माझे यजमान नागपूरला नोकरीला होते. ते रविवारी घरी आले तरी वडिलांच्या गाडीत बसत नसत; म्हणत, मला वेळेवर पोचायचं असतं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलेली, म्हणून विम्याचे इंग्रजी कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. दावा नसला तर सूट, हे वाक्य मी त्यांना दरवर्षी वाचून दाखवत असे. ते डोळे मिटून, पोथी ऐकावी तसं ऐकत.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक. त्या वर्षी सिहोऱ्याच्या मंडईत नाटकाचा मंडप मामाजींच्या दुकानातून गेला होता. कनाती नीट बांधल्यात की नाही ते बघायला मामाजी निघाले, आणि बांगड्या घ्यायच्या म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी गाडीत बसलो. सकाळी निघालो ते दुपारी जेवणवेळ टळून गेल्यावर पोचलो. कनाती पाहून झाल्या, बांगड्या भरून झाल्या, आणि ऊन कलायच्या आत परतायचं ठरलं.

गाडी बाजाराच्या तोंडाशी उभी होती. ती मागं घ्यायला हवी होती. आमच्या भागात कुणी गाडी मागं घेऊ लागला की गाव जमतं, आणि प्रत्येकाला दिशा दाखवायची असते. एक जण म्हणे, येऊ द्या. दुसरा म्हणे, डाव्या हाताले घ्या. भज्याच्या गाडीवरचा माणूस तळता तळता झाऱ्यानं खुणा करत होता. मामाजी स्वभावानं मोठे आदबशीर. त्यांनी कुणाचाच शब्द मोडला नाही. डावीकडं घेतली, उजवीकडं घेतली, थांबवली, येऊ दिली. तेवढ्यात मागं काहीतरी थडकलं आणि जोराचा ओरडा आला, "मेलो, मेलो बाप्पा, मेलो."

उतरून बघतो तो हिरवं नऊवारी लुगडं नेसलेली एक धडधाकट बाई चाकाजवळ पडलेली. लांब वेणी, वेणीत फुलं, कपाळावर मोठं कुंकू. उजव्या हातातला भज्यांचा पुडा तिनं तशाही स्थितीत वर धरला होता. एका पायाची नडगी मात्र भलतीकडंच वळली होती. चौघांनी उचलून तिला मागच्या सीटवर घातलं, आत्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाईमाणसाचे पाय उघडे दिसू नयेत म्हणून स्वतःच्या पदरानं झाकले. मामाजींनी गाडी तुमसरच्या दवाखान्याकडं काढली. तेवढ्या वेगानं ती गाडी धावताना मी आधी कधी पाहिली नव्हती, पुढंही नाही.

वाटेत आत्याबाईंनी ओल्या रुमालानं बाईचं तोंड पुसलं. पावडर निघून आली. आत्याबाई जरा वेळ निरखत राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो, हिले दाढी हाय."

मामाजींनी मागं वळून पाहिलं नाही. "असू दे," ते म्हणाले. "पयले दवाखाना."

तो पुरुष होता. सिहोऱ्याजवळच्याच एका खेड्यातला, पंचविशीतला शेतकरी, आणि नाटकात बाईचं काम करणारा. त्या मंडईत तो राणी होता. रंगवणाऱ्याला दहा तोंडं रंगवायची म्हणून त्यानं याला दुपारीच रंगवून, नेसवून मोकळं केलं होतं. प्रवेशाला अवकाश होता, भूक लागली होती, म्हणून राणी भजी खायला बाहेर आली.

इकडं मंडईच्या बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानं त्याचा ओरडा ऐकला होता आणि त्याला गाडीत घालताना लांबून पाहिलं होतं. त्यानं पंचनामा केला आणि जे पाहिलं ते लिहिलं: साकोलीच्या बिछायतवाल्याच्या मोटारीखाली एक अनोळखी बाई आली आणि मोटारवाला तिला घेऊन निघून गेला. तुमसरच्या दवाखान्यात याची नोंद पुरुषांच्या वॉर्डात, त्याच्या स्वतःच्या नावानं झाली. या दोन कागदांची गाठ कधी पडेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

पाय प्लास्टरमध्ये गेला. गावी त्याची म्हातारी आई एकटी, तिच्यानं काय होणार? मामाजींनी त्याला सरळ साकोलीला आमच्या घरी आणलं. त्यात माणुसकी होतीच, पण सुटीची काळजीही होती. वाटेत त्यांनी त्याला सांगितलं, "माह्या घरी राहा. खा, पी, पाय बरा होऊ दे. दावाबिवा कायले करतं? पटलं का?"

"पटलं जी मालक," तो म्हणाला.

असा तो आमच्या समोरच्या खोलीत राहायला आला. चार दिवसांत घरचा झाला. बसल्या जागी आत्याबाईंबरोबर तांदूळ निवडायचा, लसूण सोलायचा. माझ्या ब्लाउजची बाही कुठं चुकलीय ते त्यानं लांबूनच सांगितलं, आणि सुईदोरा मागून नीट करून दिला. नऊवारी मला तेव्हा धड नेसता येत नव्हती, त्यानं तोंडी सूचना देऊन शिकवली. कंटाळा आला की राणीची भाषणं म्हणायचा. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असायचं आणि आतून, "प्राणनाथ, मला या निबिड अरण्यात सोडून आपण कुठे निघालात," असं यायचं. गिऱ्हाईक मामाजींकडं बघायचं. मामाजी सतरंज्या मोजत राहायचे.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय किंचित आखूड झाला होता. तो लंगडायला लागला. नाटक मंडळीचे लोक येऊन त्याला बघून गेले, चहा प्यायले, अंगणात त्याला एक फेरी मारायला लावली आणि आपसांत बोलले. राजाचं काम करणारा शेवटी म्हणाला, "गड्या, राणी लंगडत नाही." त्यांनी दुसरा गडी घेतला. आमचा माणूस त्या दिवशी जेवला नाही.

मग त्याचे मामा भंडाऱ्याच्या एका वकिलाचा निरोप घेऊन आले. मोटार अपघाताचे दावे ऐकणारं वेगळं कोर्ट असतं, पाय गेला, काम गेलं, तर भरपाई मिळते. तिसऱ्या दिवशी जेवताना, मी वाढत असताना, त्यानंच विषय काढला.

"मालक, मी तुमच्यावर दावा लावून राहिलो."

मामाजींनी हातातला घास खाल्ला. "कवा?"

"सोमवारी. भंडाऱ्याले. तुमी नुसते नावापुरते जी. वकील म्हनते, पैसे कंपनी देते."

"सोमवारी," मामाजी म्हणाले, "मलेही भंडाऱ्याले बांबू पाहाले जाचं आहे. संगंच जाऊ. यष्टीत तुहा पाय अवघडन."

आणि ते खरोखरच सोमवारी बरोबर गेले. दावा दाखल झाला. त्याच गाडीतून दोघं परत आले, येताना आत्याबाईंसाठी वांगी घेऊन.

मामाजींना वाईट वाटलं नाही असं नाही. ते दोन-तीन दिवस दुकानात नुसते बसून होते. पण दाव्याचा राग त्यांनी त्याच्यावर काढला नाही. पुढं विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा ते मला बरोबर घेऊन भंडाऱ्याच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब अगत्यशील होते. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं, की गाडीवर दावा चालू आहे, म्हणून आता सूट मिळणार नाही.

"बराबर आहे," मामाजी म्हणाले. "चुकी केली तं शिक्षा होईन." आणि त्यांनी पूर्ण हप्ता भरला. परत येताना ते गाडी आणखी हळू चालवत होते, एवढंच.

खरा घोळ त्यानंतर झाला. कोर्टात विमा कंपनीनं आपलं लेखी उत्तर दाखल केलं. त्याची प्रत मामाजींना आली. मी ओसरीवर बसून ती वाचली आणि मराठीत सांगू लागले. कंपनीचं म्हणणं असं होतं, की अपघात झालाच नाही. निदान या माणसाला तर झालाच नाही. पोलिसांच्या कागदात बाई आहे. अर्जदार पुरुष आहे. ज्या बाईला अपघात झाला तिनं दावा केलेला नाही, आणि ज्यानं दावा केलाय त्याला अपघात झालेला नाही. शिवाय, गाडीमालक आणि अर्जदार यांचं संगनमत आहे. पुरावा म्हणून कंपनीच्या वकिलांनी लिहिलं होतं, की दोघं एकाच घरात राहतात, कोर्टात एकाच गाडीतून, आणि तीही ज्या गाडीनं अपघात झाला म्हणतात त्याच गाडीतून येतात, आणि कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एकाच डब्यातून जेवताना दिसले आहेत.

"काय आहे म्हनलं?" मामाजींनी विचारलं.

"संगनमत."

"म्हंजे?"

"म्हणजे दोघांनी मिळून लबाडी केली."

तो तांदूळ निवडत तिथंच बसला होता. आत्याबाई आतून म्हणाल्या, "डब्यात वांगी होते. त्याच्यात का लबाडी आली?"

दुसऱ्या दिवशी मामाजी पुन्हा ऑफिसात. मीही होते. साहेबांनी पुन्हा चहा मागवला.

"साहेब," मामाजी म्हणाले, "तुमी कोर्टात म्हनता, अपघात झालाच नाही."

"ते आमच्या वकिलांचं म्हणणं आहे."

"मंग माही सूट द्या."

"सूट कशी देता येईल? अपघात झालाय ना. दावा चालू आहे."

"कोर्टात झाला नाही, अन आफिसात झाला?"

साहेबांनी जरा विचार केला. "दाव्याचं खातं वेगळं, हप्त्याचं वेगळं."

"पन कंपनी एकच ना जी?"

"कंपनी एकच."

"मंग तिचं एक मत नोको राहाले काय?"

साहेब हसले नाहीत. चांगला माणूस होता, त्यांना मामाजींचं म्हणणं पटत होतं असं मला वाटलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, सोपा मार्ग आहे. साक्षीत सांगा, गर्दीत, धुळीत नीट दिसत नव्हतं, एक बाई पडली, तीच ही व्यक्ती का ते मला सांगता येत नाही. एवढंच. दावा फेटाळला जाईल. पुढच्या वर्षी तुमची सूट मागच्यासकट सुरू करून देतो."

घरी आल्यावर मामाजींनी हातपाय धुतले, आणि ते आमच्या त्या माणसासमोर जाऊन बसले. साहेब काय म्हणाले ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं तो रडेल किंवा भांडेल. तो म्हणाला, "सांगा जी तसं. तुमचं मी लय खाल्लं. मी काय म्हनू?"

"अन पाय?"

"पाय तं गेलाच."

मामाजी उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "कोंबडीले धक्का नाही लावला म्हनून सूट भेटत होती," ते म्हणाले. "आता मानसाले ठोसून, ठोसलंच नाही म्हनून घेऊ काय? मी तुले ठोसलं आहे. कोर्टात सांगीन. कंपनी कोन होते नाही म्हननारी?"

तेव्हापासून मामाजी त्या दाव्यात अर्जदारापेक्षा जास्त मन लावून लक्ष घालू लागले. ज्या माणसानं दावा होऊ नये म्हणून याला घरी आणलं होतं, तोच आता रोज संध्याकाळी त्याच्या वकिलानं काय काय विचारावं ते सांगत बसायचा.

साक्षी सुरू झाल्या. न्यायाधीश साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांची मराठी पुस्तकासारखी होती. हवालदारानं शपथेवर सांगितलं, की बाई होती, मी पाहिली. अर्जदाराच्या वकिलांनी त्याला विचारलं, "पडल्यावर ती काय ओरडली?"

"मेलो म्हने."

"मेलो की मेले?"

"मेलो."

वकील न्यायाधीशांकडं वळले. "साहेब, बाई असती तर मेले म्हणाली असती. मेलो म्हणणारा पुरुषच."

न्यायाधीशांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. तेवढ्यात कंपनीचे वकील उभे राहिले. ते नागपूरचे, आमच्याच भागातले. ते म्हणाले, साहेब नवीन आहेत म्हणून सांगतो, आमच्याकडं बायकाही मी येतो, मी जातो असंच बोलतात. मेलो यावरून काहीच सिद्ध होत नाही. न्यायाधीशांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी लिहिलेलं खोडावं की ठेवावं अशा विचारात पेन धरून ठेवला. मी साक्षीदार होतेच, गाडीत बसलेली. मला पिंजऱ्यात बोलावलं.

"बाई, आपण शिकलेल्या दिसता," न्यायाधीश म्हणाले. "समजा आपल्या अंगावर गाडी आली. आपण काय ओरडाल?"

मी मामाजींकडं पाहिलं. मेले म्हटलं तर आमचा दावा पक्का होणार होता. पण शपथ घेतलेली. "आता आपल्यासमोर विचारलंत तर मेले म्हणीन," मी म्हणाले. "गाडीखाली असले तर मेलोच म्हणीन."

कोर्टात मागं बसलेल्या दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. न्यायाधीशांनी लिहिलेलं खोडलं. खाली उतरल्यावर आत्याबाईंनी मला कोपर मारला, पण मामाजी म्हणाले, "खरं तेच सांगतलं तिनं."

मग मामाजींची पाळी. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या गाडीखाली कोण आलं?"

"बाई."

"नक्की बाई?"

"नक्की. हिरवं लुगडं, वेनी, कुंकू."

"ती बाई आज कोर्टात आहे?"

"आहे जी," मामाजी म्हणाले, आणि सदरा-पायजमा घालून बसलेल्या आमच्या माणसाकडं बोट दाखवलं.

"तो तर पुरुष आहे."

"आता आहे," मामाजी म्हणाले. "तवा नव्हता."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवला आणि चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग त्यांनी हुकूम दिला, की पुढच्या तारखेला अर्जदारानं अपघाताच्या वेळच्या वेषात हजर राहावं आणि हवालदारानं ओळख पटवावी.

त्याचं हिरवं लुगडं दवाखान्यात कात्रीनं कापून गेलं होतं. मी माझं हिरवं नऊवारी लुगडं दिलं, वेणी मंडळीकडून आणवली. तारखेच्या दिवशी आवारात गाडी उभी करून, काचांना आमच्याच दुकानातल्या कनातीचे तुकडे लावून आत्याबाईंनी आणि मी त्याला आत तयार केलं. नेसताना त्यानंच मला दोनदा थांबवलं, म्हणाला, निऱ्या आखूड पडल्या. बाहेर बातमी पसरली होती. बाकीच्या कोर्टांतले पक्षकार आणि वकील, समोरचा टायपिंगवाला, चहावाला, सगळे येऊन दाटीनं उभे राहिले. गाडीचं दार उघडलं आणि तो उतरला. इतक्या महिन्यांनी अंगावर तो वेष आला होता. लंगडत होता, पण मान अशी काही वर होती की चहावाल्यानं आपोआप वाट दिली.

हवालदारानं त्याला वरून खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हीच ती बाई का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, सांगता येत नाही."

"का?"

"मी आडवी पाह्यली होती. हे उभी आहे."

कंपनीच्या वकिलांनी लगेच नोंद घ्यायला सांगितलं, की ओळख पटली नाही. न्यायाधीशांनी हात वर केला आणि शिपायाला एक बाक पुढं आणायला लावलं. अर्जदाराला आडवं व्हायला सांगितलं. त्याला एकट्याला ते जमेना, म्हणून मामाजींनी खांद्याला धरलं आणि शिपायानं पाय उचलले. बाक अरुंद होतं. त्याची नडगी कडेला आदळली आणि तो कळवळून ओरडला.

हवालदार म्हणाला, "हेच जी साहेब. हाच आवाज."

निकाल आमच्या, म्हणजे आमच्याविरुद्धच्या बाजूनं लागला. न्यायाधीशांनी लिहिलं, की माणूस कोणत्या वेषात आहे त्यावरून त्याचं हाड मोडलं की नाही ते ठरत नाही. आणि गाडीमालकाची साक्ष त्याच्या स्वतःच्या हिताविरुद्ध असल्यानं ती खरी मानायला हरकत नाही. मामाजींनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. कंपनीनं भरपाई दिली. मामाजींची सूट कायमची गेली. वर्षानुवर्षं साठत आलेली सूट शून्यावर आली, आणि ते त्या संध्याकाळी पेढे घेऊन घरी आले.

याच्या पुढच्याच वर्षी विम्याचे दर वाढले. ते काही साकोलीपुरते वाढले नव्हते, सगळ्या देशाचेच वाढले होते. पण साकोलीला ज्यांच्या जीपा, ट्रक, ट्रॅक्टर होते ते सगळे मिळून एका सकाळी दुकानात आले. सात-आठ जण असतील. बसायला सतरंजी घातली.

त्यांच्यातला वयानं मोठा, जीपवाला, म्हणाला, "तुमच्या त्या बाईपाई आमचा हप्ता वाढला जी."

मामाजींनी मला बोलावलं. मी मला जेवढं कळत होतं तेवढं समजावून सांगितलं, की दर वरून ठरतात. देशभर कोर्टांत जे दावे लागतात, जखमी माणसांना, मेलेल्यांच्या घरच्यांना जी भरपाई द्यावी लागते, ती सगळी एकत्र धरतात आणि सगळ्या गाडीवाल्यांवर वाटून टाकतात. ज्यानं कधी कुणाला ठोसलं नाही त्यालाही ती भरावी लागते. एका दाव्यानं दर वाढत नाही.

जीपवाल्यानं लक्ष देऊन ऐकलं. "एकत्र धरतात," तो म्हणाला. "म्हंजे त्या ढिगात यांचाही दावा हायच ना?"

मला नाही म्हणता येईना. मामाजी म्हणाले, "हाय."

"मंग तेवढा वाढला ना तुमच्यापाई?"

"तेवढा वाढला," मामाजी म्हणाले. "उद्या जाऊन येतो."

मी म्हणाले, मामाजी, जाऊन काय करणार? त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते भंडाऱ्याला गेले, आणि या खेपेला मला नेलं नाही. तिथं काय झालं ते त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांनी साहेबांना सांगितलं, की साकोलीच्या गाडीवाल्यांचा जेवढा दर वाढला तेवढा सगळा माझ्या गाडीवर टाका. बाकीच्यांना जुन्याच दरानं राहू द्या. ठोसणारा मी आहे, ते नाहीत. साहेबांनी चहा मागवला. मग ते उठून आतल्या मोठ्या साहेबांकडं गेले, आणि परत येऊन म्हणाले की तशी सोय नाही. कुणी आपणहून जास्त भरायला येईल असं नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

गाडीवाले पुन्हा दुकानात जमले तेव्हा मामाजी सतरंजीच्या कडेला उभेच होते. "मी म्हनलं माह्यावरच टाका," ते म्हणाले. "ते म्हनते, नाही टाकता येत."

ट्रॅक्टरवाला जमिनीकडं बघत बसला. शेवटी जीपवाला म्हणाला, "जाऊ द्या जी. तुमी कायले गेले एवढ्यासाठी?" आणि त्यानं विषय बदलून त्या वर्षी व्हायच्या आपल्या पोरीच्या लग्नासाठी मंडपाचं विचारलं. मामाजींनी त्याला भाडं लावलं नाही. जीपवाल्यानं ते ऐकलं नाही, त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

आमचा माणूस भरपाईनंतर आपल्या गावी गेला, पण मंडळी त्यानं सोडली नाही. मंडळीच्या लेखकानं त्याच्यासाठी नव्या नाटकात एक लंगडी, तोंडाळ सासू घातली. दोन-तीन वर्षांत त्या सासूसाठी आसपासच्या गावांतून बोलावणी यायला लागली. राणीला तेवढी कधी आली नव्हती. पावसाळा संपत आला की मंडळी तालमीला आमच्या गोदामात यायची, कारण जागा फुकट होती आणि जेवण आत्याबाईंचं.

अशाच एका दुपारच्या तालमीला आत्याबाई दाराशी बसून बघत होत्या. त्यानं सुनेला घालून पाडून बोलायचा प्रवेश केला. कंबरेवर हात, मान तिरकी, बोलताना दर वाक्याला पदर सारखा करायचा. मी लगेच ओळखलं आणि तोंड फिरवलं. आत्याबाईंनी मात्र सगळा प्रवेश शांतपणे पाहिला. मग उठून त्याच्याकडं गेल्या, म्हणाल्या, "सासू अशी बोलत नाही कोनती. हे कोनापासून शिकला बे तू?" आणि कंबरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, पदर कसा घ्यायचा ते त्याला स्वतः करून दाखवू लागल्या. तो अगदी नीट बघत होता. मामाजी एका बाजूला बांबू मोजत होते, त्यांचा आकडा चुकला, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.